लुई मार्टिन : एका पित्याचे पुण्यस्मरण

आपल्या धर्मग्रामांतून वर्षभर पुण्यस्मरणाच्या पत्रिका येत असतात. महिन्याची मिस्सा असो वा वर्षदिनाची, पत्रिकेवर दिवंगत पित्याचे छायाचित्र असते. ते बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, ऐन उमेदीतले असते. खाली कष्टाळू, प्रेमळ, देवभीरू अशी विशेषणे असतात आणि ती खोटी नसतात. परंतु आम्हा धर्मगुरूंना त्या पित्याचे आणखी एक रूप ठाऊक असते. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना आम्ही त्याची अखेरची वर्षेही पाहिलेली असतात. पोटच्या मुलांची नावे विसरलेला, रात्री-अपरात्री दाराची कडी काढून बाहेर पडू पाहणारा, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी न्या’ म्हणणारा हा पिता पाहुणे आले म्हणजे आतल्या खोलीत नेला जातो. त्या वर्षांविषयी पत्रिकेत एक अक्षर नसते. मिस्सानंतरच्या भाषणातही नसते. जणू ती वर्षे त्याने जगलीच नाहीत.

घरच्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी सोसलेले आम्ही पाहिले आहे. परंतु पित्याचे स्मरण करायचे म्हणजे नेमके कोणत्या पित्याचे, हा प्रश्न मात्र उरतो. ज्याची बुद्धी शाबूत होती तेवढ्याच पित्याचे, की सगळ्याच पित्याचे?

ख्रिस्तसभेच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर एका मुलीने दिले आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची मूर्ती आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाची आहे. बाळ येशूची संत तेरेजा म्हणून आपण तिला ओळखतो. तिचे वडील लुई मार्टिन यांना २०१५ साली संतपद मिळाले, हेही अनेकांना ठाऊक असेल. परंतु या संतपित्याच्या आयुष्यातील तीनहून अधिक वर्षे मनोरुग्णांच्या इस्पितळात गेली, हे फारसे सांगितले जात नाही. तो इतिहास आपल्या कुटुंबांसमोर मांडावा असे आम्हांला वाटले.

घड्याळजी

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो या शहरात झाला. त्यांचे वडील सैन्यात कॅप्टन होते आणि मुलाच्या जन्माच्या वेळी ते स्पेनच्या मोहिमेवर होते. लहानपण लष्करी छावण्यांच्या गावी गेले. पुढे वडील निवृत्त झाल्यावर हे कुटुंब नॉर्मंडी प्रांतातील आलांसों या गावी स्थायिक झाले. लुई घड्याळजीचा धंदा शिकले. रेन आणि स्ट्रासबुर्ग या शहरांत त्यांनी उमेदवारी केली. सूक्ष्म चाके, बारीक स्प्रिंगा आणि तासन्‌तास एकट्याने करायचे काम त्यांच्या शांत स्वभावाला मानवले.

मनात मात्र दुसरीच ओढ होती. १८४५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्ड येथील मठात प्रवेश मागितला. बर्फात अडकलेल्या वाटसरूंना वाचविणारे संन्यासी म्हणून तेथील व्रतस्थांची ख्याती आहे. मठाधिकाऱ्यांनी लॅटिन येते का म्हणून विचारले. येत नव्हते. शिकून या, असे सांगून त्यांनी तरुणाला परत पाठविले. लुईंनी काही काळ लॅटिनची शिकवणी लावली, परंतु अभ्यास तडीस गेला नाही. सेमिनरीत लॅटिनशी झुंजलेल्या आम्हांला त्यांची अडचण सहज समजते! १८५० साली त्यांनी आलांसोंमध्ये घड्याळांचे दुकान थाटले, पुढे त्यात जडजवाहीरही ठेवले. रविवारी खेड्यापाड्यांतील लोक बाजाराला येत आणि तो दिवस विक्रीचा असे. लुई मार्टिन यांचे दुकान मात्र रविवारी बंद असे. हितचिंतकांनी पुष्कळ सांगून पाहिले, पण त्यांनी तो नेम मोडला नाही.

त्याच गावात झेली गेरँ नावाची तरुणी लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत होती. आलांसोंची लेस युरोपभर नावाजलेली होती आणि झेली त्या कलेत निष्णात होती. तिनेही धर्मभगिनी होण्याची इच्छा व्यक्त केली होती आणि तिलाही नकार मिळाला होता. मठाने परत पाठविलेल्या या दोघांचा विवाह १३ जुलै १८५८ रोजी, त्या काळच्या रिवाजानुसार मध्यरात्री, आलांसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये झाला. सुरुवातीचे दहा महिने ते बहीण-भावाप्रमाणे राहिले. पुढे एका धर्मगुरूंच्या सल्ल्याने त्यांनी संसाराचा मार्ग धरला आणि तो मनापासून धरला. त्यांना नऊ मुले झाली.

त्या नवांपैकी पाचच जगली. १८६७ ते १८७० या चार वर्षांच्या आत दोन मुलगे, एक तान्ही मुलगी आणि पाच वर्षांची एलेन अशी चार लेकरे या दांपत्याने मातीआड केली. मुलांच्या मृत्यूचे दुःख आपल्या आजी-पणजींनाही परके नव्हते, म्हणून याची अधिक फोड करण्याची गरज नाही. १८७० साली लुईंनी आपले दुकान भाच्याच्या हवाली केले आणि पत्नीच्या लेसच्या व्यवसायात ते मदत करू लागले. मागण्या घेणे, हिशेब ठेवणे, पॅरिसच्या गिऱ्हाइकांकडे जाणे ही कामे ते करीत. पत्नीचा धंदा मोठा आहे म्हणून पतीने आपला धंदा आवरावा, ही गोष्ट त्या काळी सहज घडण्यासारखी नव्हती. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत पतीविषयी तक्रारीचा सूर जवळजवळ नाही.

१८७७ च्या २८ ऑगस्टला स्तनाच्या कर्करोगाने झेलीचे निधन झाले. तिचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते. लुई चौपन्न वर्षांचे होते आणि पदरी पाच मुली होत्या. थोरली मरी सतरा वर्षांची, धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची. लुईंची मित्रमंडळी, आई, मासे धरायचे नदीकाठ, एकांतात प्रार्थना करण्यासाठी घेतलेली छोटी बाग, सारे आलांसोंमध्ये होते. तरीही मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून नोव्हेंबर महिन्यात त्यांनी बिऱ्हाड लिझ्यू या गावी हलविले. मुलींचे मामा इझिदोर गेरँ तेथे औषधविक्रेते होते.

राजा आणि राणी

लिझ्यूच्या त्या घराचे चित्र तेरेजाने स्वतःच्या लेखणीने रेखाटून ठेवले आहे. वडील धाकटीला ‘राणी’ म्हणत आणि ती त्यांना ‘राजा’ म्हणे. दुपारी दोघे फिरायला निघत, वाटेत रोज एखाद्या चर्चमध्ये जाऊन पवित्र साक्रामेंताला वंदन करीत. कधी ते नदीवर गळ टाकून बसत आणि ती गवतात फुले वेचीत बसे. हिवाळ्याच्या रात्री सोंगट्यांचा डाव होई, मोठ्या बहिणी धार्मिक पुस्तकातील काही पाने वाचीत, मग वडील मुलींना मांडीवर घेऊन आपल्या गोड आवाजात गाणी म्हणत. त्यानंतर सर्वजण रात्रीच्या प्रार्थनेला गुडघे टेकीत. एका रात्री परतताना छोट्या तेरेजाने आकाशात मृग नक्षत्रातील ताऱ्यांची आकृती पाहिली. ती तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरासारखी दिसत होती. आपले नाव स्वर्गात लिहिले आहे, असे तिने आनंदाने वडिलांना सांगितले आणि त्यांचे बोट धरून वर पाहतच ती चालत राहिली.

चर्चमध्ये प्रवचन चालू असता ती धर्मगुरूंपेक्षा वडिलांच्या मुखाकडे अधिक पाही. त्यांचे डोळे पाणावले की प्रवचनात काही चांगले आहे हे तिला कळे. संत कशी प्रार्थना करतात हे कळण्यासाठी वडिलांकडे पाहिले की पुरे होई, असेही तिने नमूद केले आहे. प्रवचन करणाऱ्या आम्हा सर्वांना ही गोष्ट नम्र करणारी आहे. लेकरू आमचे शब्द ऐकत नसते, ते बाकावर शेजारी बसलेल्या बापाकडे पाहत असते.

हा पिता निर्दोष पुतळा नव्हता. १८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून थकून परतल्यावर, तेरेजासाठी बुटांत भेटी ठेवण्याच्या बालिश रिवाजाचा त्यांना कंटाळा आला आणि हे शेवटचेच वर्ष, बरे झाले, असे ते बोलून गेले. जिन्यावर असलेल्या तेरेजाने ते ऐकले. एरवी ती रडून आकांत करती. त्या रात्री तिने अश्रू आवरले, हसतमुखाने खाली येऊन भेटी उघडल्या, आणि आपले बालपण त्या क्षणी संपले असे ती मानू लागली. बापाच्या थकव्यातून निघालेले एक वाक्य देवाने असे कामी आणले.

एकेक मुलगी देवाला देण्याची वेळ आली. दुसरी मुलगी पोलीन १८८२ साली लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. थोरली मरी १८८६ साली गेली. १ मे १८८७ रोजी लुईंना पक्षाघाताचा पहिला झटका आला. ते सावरले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्यांच्याजवळ बसून आपलीही इच्छा सांगितली. लुई रडले. मग उठून त्यांनी बुटक्या भिंतीच्या फटीत उगवलेले एक लहानसे पांढरे फूल उपटून तिच्या हाती दिले. ते मुळासकट निघाले होते. दुसऱ्या मातीत रुजण्यासाठीच ते मुळासकट आले, असा अर्थ तेरेजाने घेतला आणि ते फूल जपून ठेवले. परवानगी मिळविण्यासाठी हा आजारातून उठलेला बाप तिला आणि सेलीनला घेऊन रोमपर्यंत गेला. २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप लिओ तेरावे यांच्यासमोर तेरेजाने गुडघे टेकून विनंती केली. ९ एप्रिल १८८८ रोजी ती कार्मेलच्या दारी उभी राहिली. आशीर्वाद देण्यासाठी वडीलही तिच्यासमोर गुडघ्यांवर आले. त्यांच्या डोळ्यांतून आसवे वाहत होती.

त्याच वर्षी आलांसोंच्या चर्चमध्ये प्रार्थना करून आल्यावर लुईंनी मुलींना सांगितले, की आपण फार सुखी आहोत, असल्या सुखात स्वर्गाला जाता येत नाही, म्हणून देवासाठी काही सोसायला मिळावे असे आपण मागितले. मुली त्या बोलण्याने धसकल्या.

अंधाराची वर्षे

२३ जून १८८८ रोजी लुई मार्टिन घरातून नाहीसे झाले. चार दिवस शोध चालला. अखेर २७ जूनला ते ल आव्र या बंदरात सापडले. आपण एकांतात जाऊन संन्याशासारखे राहावे असे काहीसे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यानंतर चांगले दिवस आणि वाईट दिवस यांचा खेळ सुरू झाला. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाच्या वस्त्रग्रहणाच्या विधीला ते आले, तिला हात देऊन चर्चमध्ये घेऊन गेले. त्या दिवशी तिच्या आवडीचा बर्फही पडला. वडिलांचा तो अखेरचा विजयदिन होता, असे तेरेजा म्हणते.

जेमतेम महिना लोटला. मनोभ्रमात लुईंना लढाया दिसू लागल्या. मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी पिस्तूल हाती घेतले. घरात तरुण मुली आणि नोकरमाणसे. मामांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घेतला आणि १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील बों सोव्हर भगिनींच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होऊन रक्तपुरवठा खंडित होण्याचा हा आजार असावा, असे त्यांचे चरित्रकार मानतात. त्या काळी त्याला नीट नावही नव्हते आणि उपायही नव्हता. लोकांच्या तोंडी एकच शब्द होता : वेड.

लहान गावात बातमी लपत नाही. मुलींनी बापाला सोडून मठ गाठला, धाकटी गेली तेव्हाच त्याचे डोके फिरले, असे लिझ्यूमध्ये उघड बोलले जाऊ लागले. कार्मेलच्या जाळीआडच्या तीन बहिणींपर्यंत ते शब्द पोहोचत. बाहेर राहिलेल्या लेओनी आणि सेलीन यांनी काँमध्ये एका मठात खोली घेतली. वडिलांची खबर घ्यायला त्या रोज इस्पितळाच्या दारी जात, पण भेट आठवड्यातून एकदाच मिळे. तीन महिन्यांनी त्या मामांच्या घरी परतल्या आणि तेथून भेटीला जात राहिल्या. लिझ्यूचे ते सुखाचे घर त्याच वर्षअखेर सोडावे लागले.

इस्पितळात लुईंना शुद्धीचे दिवसही येत आणि तेच अधिक कठीण असत. आपण कोठे आहोत हे त्यांना कळे. आयुष्यात आपली मानहानी कधी झाली नव्हती, तेव्हा ती एकदा होणे आवश्यक होते, अशा अर्थाचे ते डॉक्टरांशी बोलले. जवळचे खाऊ इतर रुग्णांना वाटून टाकीत. १८८९ च्या जून महिन्यात मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपविण्याच्या कागदावर त्यांची सही घेण्यात आली. कायद्याने ते आवश्यकच होते. परंतु मुलांनीच आपल्याला टाकले असे वाटून तो वृद्ध हुंदके देऊन रडला. अशा सह्या आपल्याही घरांत होतात. त्या करून घेताना कोणाचा हेतू वाईट नसतो, आणि तरीही त्या बापाच्या काळजाला जखम करून जातात.

तेरेजाने हे सारे मठाच्या भिंतीआड सोसले. ८ सप्टेंबर १८९० रोजी तिने अंतिम व्रते घेतली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला तिला काळे शिरोवस्त्र मिळाले. त्या समारंभाला वडिलांना आणावे असा सेलीनचा बेत होता, पण मामांनी तो मोडून काढला. तेरेजा त्या दिवशी रडली. आपण संतांच्या दुःखावर लगेच तेजोवलयाचा मुलामा चढवितो. ती सतरा वर्षांची मुलगी होती आणि तिला बाप हवा होता, एवढेच आधी ध्यानी घ्यावे.

पवित्र मुख

मात्र तिने या दुःखाकडे पाठ फिरविली नाही. वस्त्रग्रहणाच्या दिवशी तिने आपल्या नावात ‘पवित्र मुखाची’ हे शब्द जोडले होते. त्यानंतरच्या काळात ती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील त्रेपन्नावा अध्याय पुनःपुन्हा वाचू लागली. देवाचा तो सेवक तुच्छ मानला जातो, त्याला पाहून लोक तोंड फिरवितात, आणि तोच आपली दुःखे वाहत असतो. तेरेजाने त्या मुखात दुःखी ख्रिस्ताला ओळखले आणि ख्रिस्ताच्या मुखातून आपल्या पित्याला.

एक जुनी आठवणही तिला उलगडली. सहा-सात वर्षांची असताना, वडील परगावी गेले असता, तिने खिडकीतून बागेत एक आकृती पाहिली होती. चाल वडिलांचीच, पण पाठ वाकलेली आणि डोक्यावरून जाड कापड ओढलेले. तिने घाबरून हाक मारली आणि आकृती दिसेनाशी झाली. तेव्हा कोणालाच अर्थ लागला नाही. पुढे आजारात वडील डोके कापडाने झाकून घेत हे कळल्यावर, देवाने तो क्रूस आपल्याला आधीच दाखविला होता असे तिने जाणले.

तिचा एक गमतीचा कागद आम्हांला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. १८९० सालीच तिच्या मामेबहिणीचे लग्न होते आणि लग्नपत्रिका छापून आली होती. तिच्या धर्तीवर तेरेजाने येशूशी होणाऱ्या आपल्या विवाहाची पत्रिका रचली. फ्रान्समधील रिवाजाप्रमाणे त्यात वधूपित्याचे नाव व प्रतिष्ठा द्यायची होती. ज्या बापाचे नाव गावात दबक्या आवाजात घेतले जात होते, त्याचे नाव तिने पूर्ण लिहिले आणि त्याला दुःख व मानहानी या दोन जहागिरींचा धनी म्हटले. इस्पितळाचा पत्ता तिने लपविला नाही. उलट त्याला पदवीच करून टाकले.

१० मे १८९२ रोजी लुईंना लिझ्यूला परत आणण्यात आले. पाय लुळे पडले होते, त्यामुळे ते पळून जाण्याची भीती उरली नव्हती. दोन दिवसांनी त्यांना कार्मेलमध्ये मुलींच्या भेटीला नेले. बोलणे जवळपास संपले होते. निघताना त्यांनी बोट वर केले आणि आता भेट स्वर्गात, एवढे कसेबसे उच्चारले. तेरेजाने त्यांना नंतर कधी पाहिले नाही. पुढची दोन वर्षे सेलीनने त्यांची शुश्रूषा केली. २९ जुलै १८९४ रोजी, एव्ह्रो गावानजीकच्या ला म्यूस येथील मामांच्या घरी, सेलीनकडे पाहता पाहता त्यांनी प्राण सोडला. सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. लिझ्यूला दफन झाले. मठाच्या नियमामुळे तिघी बहिणी अंत्यविधीला जाऊ शकल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात तेरेजाने वडिलांवर एक कविता केली. तिच्या शीर्षकात ती स्वतःला एका संताचे लेकरू म्हणवते.

स्मरणाचे पुस्तक

लुईंच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत, १८९५ च्या आरंभी, मठप्रमुख झालेल्या पोलीनने तेरेजाला बालपणीच्या आठवणी लिहून काढण्याची आज्ञा केली. एका हिवाळी संध्याकाळी बहिणी जुन्या गोष्टी बोलत असता थोरल्या मरीला ही कल्पना सुचली होती. ‘एका आत्म्याची कथा’ या जगप्रसिद्ध पुस्तकाचा उगम असा आहे. आईवडील गेल्यावर भावंडांनी एकत्र बसून काढलेल्या आठवणी, एवढेच ते मुळात होते. शाळकरी वहीत, फावल्या वेळात, वर्षभर तेरेजा लिहीत राहिली आणि २० जानेवारी १८९६ रोजी तिने ती वही पोलीनच्या हाती दिली.

त्या वहीत नदीकाठ आहे, तारे आहेत, पांढरे फूल आहे आणि काँचे इस्पितळही आहे. वडिलांच्या छळाची ती तीन वर्षे आपल्याला सर्वांत प्रिय व सर्वांत फलदायी वाटतात, संतांच्या दिव्य दर्शनांच्या बदल्यातही आपण ती देणार नाही, असे ती लिहिते. पुण्यस्मरणातून आपण जी वर्षे गाळतो, त्यांनाच तिने कुटुंबाची संपत्ती म्हटले.

तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोवीस वर्षांची असताना, क्षयाने वारली. बरोबर एका वर्षाने तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची होती. १९२५ साली ती संत झाली, १९२७ साली संत फ्रान्सिस झेविअर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती झाली, १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले. वडिलांच्या संतपदाचे कार्य १९५७ साली सुरू झाले. त्याआधी १९५३ मध्ये वयोवृद्ध सेलीनने मठातूनच वडिलांवर पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली होती. ज्या मुलीने त्यांना भरविले होते, पुसले होते, तिचीच ती साक्ष होती. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे लुई आणि झेली यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, रोममध्ये कुटुंबविषयक सिनड चालू असतानाच, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना एकत्र संतपद दिले. पतिपत्नींना जोडीने संत घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग होता. १२ जुलै हा त्यांचा सण.

आपल्या घरांतले पिते

संत ठरविताना ख्रिस्तसभा व्यक्तीचे आयुष्य बारकाईने तपासते. लुई मार्टिन यांचे मनोरुग्णालय त्या तपासणीत कोणी दडविले नाही. बुद्धी गेली म्हणून कृपा जात नाही, हे त्यांच्या संतपदाने वेदीवरून सांगितले आहे. बापाला प्रार्थनेचे शब्द आठवत नसतील, पण ज्याला त्याने आयुष्यभर प्रार्थिले तो देव त्याला विसरलेला नसतो.

येथे एक गैरसमज नको. मार्टिन कुटुंबानेही वडिलांना इस्पितळात ठेवले होते. ज्यांच्या घरी सांभाळण्यास माणूस नाही, वा रुग्ण स्वतःला इजा करून घेण्याची भीती आहे, त्यांनी उपचाराची जागा शोधली तर त्यात पाप नाही. सेलीन आणि लेओनी रोज त्या दारापाशी जात होत्या, यावर आम्ही बोट ठेवू इच्छितो. दूर ठेवणे कधी भाग पडते, परंतु लपविणे आणि विसरणे भाग नसते.

बेन सिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय प्रत्येक कुटुंबाने एकदा उघडून वाचावा. वृद्ध पित्याला आधार द्या, त्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याच्याशी समजुतीने वागा, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला कमी लेखू नका, असा तेथील उपदेश आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला वयाची वा बुद्धीची अट नाही, हे आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षांपूर्वीही सांगावे लागले होते. म्हणजे ही वेदना नवी नाही आणि आपली एकट्याची तर नाहीच.

तेव्हा यापुढे पुण्यस्मरणाची मिस्सा सांगायला कोणी आमच्याकडे आले, तर आम्ही त्यांना एक विनंती करणार आहोत. पत्रिकेवर छायाचित्र उमेदीच्या काळातले खुशाल छापा, पण बोलताना शेवटची वर्षेही बोला. बाबांनी तुम्हांला ओळखले नाही त्या दिवसाविषयी बोला. त्यांना आंघोळ घालणाऱ्या सुनेविषयी, रात्र जागणाऱ्या नातवाविषयी बोला. बाकावर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी आज आतल्या खोलीत एक वृद्ध पिता बसलेला असेल. तुमचे बोलणे ऐकून त्या खोलीचे दार उघडले जाईल आणि संध्याकाळच्या रोझरीला त्याची खुर्ची सर्वांमध्ये मांडली जाईल. त्याला शब्द आठवले नाहीत तरी चालेल. त्याच्या हातात माळ द्या आणि त्याच्या वतीने तुम्ही म्हणा.